३५ जणींचा आकडा सरकारला सांगितला, पण नावं पोटातच ठेवली... सावित्रीबाईंच्या 'त्या' घराची गोष्ट

यवतमाळमध्ये समाजकार्य शिकवणारं एक कॉलेज आहे. त्याचं नाव सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालय.

समाजकार्य शिकणाऱ्या पोरापोरींचं शिक्षण नुसतं वर्गात बसून होत नाही. त्यांना वस्तीवर, गावात, दवाखान्यात जावं लागतं. याला क्षेत्रकार्य म्हणतात. परत आलं की लिहून काढायचं. कुणाच्या घरी गेलो, कोण भेटलं, काय बोलणं झालं, पुढं काय करायचं. ज्या माणसासाठी हे काम करायचं त्याला यांच्या पुस्तकात 'सेवार्थी' म्हणतात.

इथपर्यंत सोपं आहे. खरी अडचण पुढं सुरू होते.

एखाद्या बाईनं दार लोटून घेऊन, आवाज खाली आणून जे सांगितलं, ते वहीत लिहायचं का? लिहायचं तर नावासकट लिहायचं का? आणि ती वही पुढं कुणाकुणाच्या हातात जाणार?

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा या भागात कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षं पेपरात येतोय. बाहेरून आलेल्या माणसांनी फसवलेल्या आदिवासी मुली, त्यातही कोलाम समाजाच्या जास्त. त्यांची सर्वेक्षणं झाली, याद्या झाल्या, आकड्यांवरून वाद झाले. मदत मिळायची तर यादीत नाव पाहिजे, आणि यादीत नाव आलं की गावात तीच ओळख होऊन बसते.

दुसरीकडं शेतकरी आत्महत्या. नवरा गेला की १ लाखाच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरतं. कर्ज होतं का, दारू होती का, घरात भांडण होतं का, सगळं कागदावर येतं. त्या कागदावर बाईचा पुढचा संसार अवलंबून असतो.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा सावित्रीबाईंशी काय संबंध? त्या तर शिक्षिका. मुलींची शाळा, अंगावर शेण, पिशवीत दुसरं लुगडं, एवढं आपल्याला माहिती असतं.

संबंध आहे, आणि तो शाळेपेक्षा त्यांच्या घराशी जास्त आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. गाव सातारा जिल्ह्यातलं नायगाव, आताच्या खंडाळा तालुक्यातलं. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा सावित्रीबाई नऊ वर्षांच्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. पुढं अहमदनगरला फरारबाई आणि पुण्यात मिचेलबाई यांच्याकडं शिक्षिका होण्याचं ट्रेनिंग घेतलं. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८४९ मध्ये सासऱ्यांच्या घरातून बाहेर पडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख सोबत उभ्या राहिल्या. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारनं जोतीरावांचा सत्कार केला. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह आला.

हा भाग शाळेच्या पुस्तकात असतो, म्हणून भरभर सांगितला. आपली गोष्ट १८६३ च्या आसपास सुरू होते.

तेव्हाचं पुणं डोळ्यासमोर आणा. ब्राह्मण घरात मुलीचं लग्न आठ-दहा वर्षांची असताना व्हायचं. नवरा मेला की केस कापायचे, अलवण नेसायचं आणि कोपऱ्यात बसायचं. १८५६ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आला होता, पण कायदा आला म्हणून विधवेशी लग्न करायला माणसं काही रांग लावून उभी नव्हती. अशा बाईला घरातल्या किंवा शेजारच्या कुणी नादी लावलं, जबरदस्ती केली आणि दिवस गेले, की तिच्यापुढं मार्ग उरायचे ते विहिरीचे, नाहीतर विषारी औषधाचे.

काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेचं असंच झालं. जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्याकडं ती स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवानं तिला नादी लावलं. दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय करून झाले, ते फसले. मुलगा झाला. बापानं अंग काढून घेतलं. काशीबाईनं पोराला मारलं आणि प्रेत विहिरीत टाकलं. पोलिसांना पत्ता लागला, खटला उभा राहिला आणि काशीबाईला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती अंदमानला गेली.

हे सगळं जोतीरावांनी पुढं १८८४ मध्ये लिहून ठेवलं. त्या टिपणातली एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. त्यात काशीबाईचं नाव आहे, शास्त्रीबुवाचं नाही. खटला जिच्यावर चालला तिचं नाव जगजाहीर झालं होतं, आणि ज्याच्यावर चाललाच नाही तो शास्त्रीबुवाच राहिला. झरी-जामणीची यादीसुद्धा आयांचीच झाली. बापांची यादी कुणी केलीय का, हे शोधून बघा.

काशीबाईच्या प्रकरणानंतर फुले दांपत्यानं आपल्याच जागेत बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. नाव वाचून ते पोरांसाठी असावं असं वाटतं, पण खरं तर ते आयांसाठी होतं. आई वाचली, तिची अब्रू वाचली, तरच पोर वाचणार, असा हिशेब त्यामागं होता.

आणि मग जोतीरावांनी छापील जाहिराती काढल्या. त्या लावल्या कुठं? ब्राह्मण राहायचे त्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवरच्या भिंतींवर. मजकूर थोडक्यात असा, की विधवेनं इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल सोबत न्यायचं की इथं ठेवायचं ते तिनं ठरवावं. ठेवलं तर आम्ही सांभाळू.

आजच्या भाषेत सांगायचं तर घर जाहीर होतं आणि घरात येणारी बाई गुप्त होती. पत्ता सगळ्या पुण्याला माहीत, पण आत कोण आहे ते कुणालाच कळू द्यायचं नाही.

हे बोलायला सोपं आहे, करायला महाकठीण. पेठेत कुणाच्या घरी भाजी काय शिजली हेसुद्धा लपत नाही. ज्या घरावर सगळ्यांचा डोळा, त्याच घरात पोट पुढं आलेली बाई महिना-दोन महिने ठेवायची, तिचं बाळंतपण करायचं, आणि ती परत आपल्या घरी जाईल तेव्हा तिला कुणी ओळखू नये हेही बघायचं. या घरातली बाळंतपणं आणि पोरांचं करणं सावित्रीबाईंनी अंगावर घेतलं होतं. म्हणजे कोण आली, कुठून आली, कुणामुळं आली, हे सगळ्यात आधी त्यांना कळत असणार. बाळंतिणीच्या खाटेपाशी बसलेल्या बाईपासून काय लपतं?

१८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यावर दोन टिपणं लिहिली. सरकारनं त्यावर लोकांची मतं मागवली. जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ ला आपलं मत लिहून दिलं आणि त्यात या घराचा हिशेब मांडला.

हिशेब असा की घर सुरू झाल्यापासून ३५ गरोदर विधवा तिथं येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत आहेत. ३० गेली. का गेली, तर पोट लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधं घेतली असणार, त्यानं पोटातच इजा झाली.

वीसेक वर्षांच्या कामाचा हा अहवाल. ३५ पैकी एकीचं नाव नाही. आडनाव नाही, पेठ नाही, घराण्याची नुसती खूणसुद्धा नाही.

पण लक्षात घ्या, त्यांनी काहीच सांगितलं नाही असंही नाही. इज्जतीचा मामला आहे म्हणून तोंड मिटून बसले असते तर ३० मुलं कशानं गेली हे सरकारला कधीच कळलं नसतं. यातला ३० हा आकडा तर संस्थेच्या फायद्याचाही नव्हता. आज एखादी संस्था आपल्या वार्षिक अहवालात ३५ पैकी ३० दगावले असं लिहील का? फुल्यांनी लिहिलं, कारण दोष कुठं आहे ते त्या आकड्यातूनच दिसत होतं. आई घाबरून औषधं घेते, आणि घाबरते ती समाजाला.

आता याच्या शेजारी आजचा आपला मोबाईल ठेवा. धान्याचं किट देताना बाईचा फोटो. शिलाई मशीन देताना बाईचा फोटो. खाली नाव, गाव, 'निराधार', 'परित्यक्ता', 'आत्महत्याग्रस्त कुटुंब'. देणगीदारांना अहवाल पाठवायचा असतो, त्यात एक 'केस स्टडी' लागते, ती फेसबुकवर पण टाकली जाते. परवानगी घेतली होती का, असं विचारलं तर उत्तर येतं की घेतली होती, अंगठा आहे. पण ज्याच्या हातात धान्याची पिशवी आहे त्याला नाही म्हणणं किती जणींना जमेल?

हे वाचून वाटेल की नाव लिहूच नये, हाच सरळ मार्ग. तसं नाही. सावित्रीबाईंनी स्वतः नावं लिहिली आहेत.

२९ ऑगस्ट १८६८ ला त्या माहेरी, नायगावात होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. हकिकत अशी. पंचांग सांगत गावोगाव फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांचं प्रेम जमलं. मुलीला सहावा महिना लागला तेव्हा गावाला कळलं. लोकांनी दोघांना धरून मारत गावातून फिरवलं. जिवंत सोडायची तयारी नव्हती. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोघांना सोडवलं. दोघांनी गाव सोडायचं ठरलं. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडं पाठवून दिलं.

आजचा समाजसेवक याला रेफरल म्हणेल. एका ठिकाणी जीव वाचवला, पुढची सोय दुसऱ्या ठिकाणी आहे, म्हणून सोबत कागद. त्या पत्रात दोघांची नावं आहेत, जाती आहेत, कितवा महिना आहे तेही आहे. ते असायलाच हवं होतं, कारण वाचणाऱ्याला त्याच माहितीवर पुढचं काम करायचं होतं. बाईला कितवा महिना हे माहीत नसेल तर सुईणीची सोय कधी करायची?

पण ते पत्र एका माणसासाठी होतं. एकशे वीस वर्षांनी, १९८८ मध्ये मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय प्रसिद्ध झालं आणि ते महाराष्ट्रानं वाचलं. ते छापलं हे चांगलंच झालं, नाहीतर हे काम कळलंच नसतं. तरी त्या दोघांची नावं मी इथं देत नाही. गोष्ट कळायला नावांची गरज पडली नाही ना? मग राहू द्या.

म्हणजे बघा, भिंतीवरच्या जाहिरातीत पत्ता होता, सरकारच्या कागदात आकडा होता आणि नवऱ्याच्या पत्रात नावं होती. ज्याला जे लागतं तेवढंच.

आता सगळ्यात अवघड प्रकरण. यशवंत.

१८७४ च्या सुमारास या घरात आलेल्या एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. फुल्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी तो मुलगा दत्तक घेतला, तोच यशवंत. त्याच्या आईचं नावही काशीबाई असंच सांगतात. त्यामुळं फॉरवर्डच्या दुनियेत दोन काशीबायांची खिचडी झाली आहे. एक बाई अंदमानला पण जाते आणि पुण्यात यशवंतला जन्म पण देते! अंदमानला गेलेल्या काशीबाईचं मूल जगलंच नव्हतं. यशवंतची आई वेगळी, आणि ती फुल्यांच्या घरी आली ती दहा वर्षांनी. नाव सारखं म्हणून दोन माणसांची एक फाईल झाली, असं सरकारी ऑफिसात पण होतं, इतिहासात पण होतं.

यशवंतचा जन्म कसा झाला हे फुल्यांनी लपवलं नाही. त्याला घरात मुलगा म्हणूनच वाढवलं, शिकवलं, पुढं तो डॉक्टर झाला. पण उघड सांगण्याची किंमत त्याला मोजावी लागली. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी द्यायला लोक तयार होईनात. शेवटी सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते ग्यानोबा ससाणे यांनी आपली मुलगी राधा हिचं लग्न १८८९ मध्ये यशवंतशी लावून दिलं.

इथं गुप्ततेचा नियम उलटा होतो. ज्या विधवा बाळंत होऊन परत गेल्या त्यांना नाव झाकलं जाणं गरजेचं होतं. यशवंतला मात्र नाव पक्कं लिहिलं जाणं गरजेचं होतं. भाऊबंद टपून बसले होते. कागद नसता तर जोतीरावांच्या मागं त्याला घरातून बाहेर काढायला वेळ लागला नसता.

जोतीराव हे ओळखून होते. जुलै १८८७ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं आणि यशवंत हाच आपला वारस, भाऊबंदांचा काही हक्क नाही, हे त्यात स्पष्ट केलं. पुढच्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत पुढं टिटवं धरायचं कुणी, यावरून वाद झाला. टिटवं धरणारा वारस, अशी रीत. दत्तक पोराला धरू देणार नाही म्हणून नातेवाईक आडवे आले. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या. बायका स्मशानात पण जात नव्हत्या त्या काळात.

हाच पेच आजच्या कायद्यात पण आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार आईला मूल बालकल्याण समितीकडं सोपवता येतं आणि विचार बदलला तर परत घ्यायला तिला ६० दिवस मिळतात. फुल्यांच्या जाहिरातीतही न्यायचं की ठेवायचं हे आईवर सोडलं होतं. समितीपुढं आलेल्या मुलाची ओळख पेपरात, टीव्हीवर किंवा पोस्टमध्ये उघड करणं याच कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि तेच मूल मोठं होऊन माझी आई कोण असं विचारत आलं तर? दत्तक नियमावली त्याला आपलं मूळ शोधायची मुभा देते, पण जन्मदात्या आईच्या खाजगीपणाला धक्का न लावता. एका फाईलवर दोघांचा हक्क. आईला वाटतं की फाईल बंद राहावी, लेकराला वाटतं उघडावी. मधे बसलेल्या समाजसेवकानं काय करायचं, हे कुठल्याच नियमात पुरतं सांगता येत नाही. निदान फाईल जपून तर ठेवायची, एवढं त्याच्या हातात असतं. कपाटाला कुलूप असलं आणि किल्ली ड्रॉवरमध्ये सगळ्यांसमोर पडलेली असली, तर त्या कुलपाला काय अर्थ?

सावित्रीबाईंचा शेवट पण या विषयापासून लांब नाही.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला. घरात रोगी सापडला की त्याला उचलून न्यायचे, सामान जाळायचे, घरच्यांना वेगळं काढायचे. पुण्यातल्या रँडच्या पथकांच्या झडत्या याच वर्षीच्या. याचा परिणाम असा झाला की लोक रोगी लपवायला लागले. सरकारी वहीत नाव लागलं की माणूस परत दिसत नाही, असा धसका बसला होता. माळ्यावर, पेटाऱ्यामागं माणसं दडवली जायची आणि तिथंच मरायची.

अशा दिवसांत यशवंतनं पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. त्या स्वतः वस्त्यांवर जायच्या, रोगी शोधायच्या आणि त्यांना तिथं आणायच्या. ज्या दारांनी सरकारी माणसाला आत घेतलं नसतं, ती दारं त्यांना उघडत होती.

मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगनं आजारी असल्याचं त्यांना कळलं. त्या गेल्या, त्याला पाठीवर घेतलं आणि मळ्यातल्या दवाखान्यात आणून यशवंतच्या स्वाधीन केलं. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. उपचार करणारा डॉक्टर त्यांचाच मुलगा होता.